पाळीचा माणूस

काळुराम पाटील मिठागरावर पायी कधी येत नसे. त्या दिवशी आला, तोही भर दुपारी, धोतराचा सोगा हातात धरून, वाफ्यांच्या बांधांवरून तोल सांभाळत. त्याला पाहिल्याबरोबर सगुणानं मिठाची पाटी डोक्यावरून खाली उतरवली. पाटील उन्हातान्हात स्वतः आला की कुणाच्या तरी घरातून काहीतरी जायचं, हे तिला ठाऊक होतं.

तिचा नवरा राघो घोटाभर खाऱ्या पाण्यात वाकून फळीनं मीठ ओढत होता. सकाळपासून तो वाकलेलाच होता. टाचांच्या चिरांत मीठ भरून त्या पांढऱ्या पडल्या होत्या. पाटलाला बघून तो ताठ झाला तेव्हा कंबरेचं हाड वाजलेलं सगुणाला ऐकू आलं.

"राघो, पाळी तुझ्या घरची आली रे."

"माजी? धाकू आत्ता होळीला सुटून आयलाय, पाटील. येवढ्यात दुसरा?"

"मी काय फौजदार हाय? तो माणूस मागतो. उद्या दुपारपर्यंत पायजे बोल्ला."

"वाफ्यात अर्धा मीठ तसाच हाय माजा."

"गाव काढील. आजवर कुणाचा राहिलाय?"

पाटलानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. डोंबिवलीच्या बाजूला बाहेरच्या लोकांची सोसायटी उभी राहत होती. तिला भाताची जमीन विकल्यापासून त्याच्या हातात घड्याळ आलं होतं, आणि तेव्हापासून तो माणसाकडं बघायच्या आधी घड्याळाकडं बघायचा.

"तीन महिने तर हायेत," तो सगुणाकडं न बघता म्हणाला. "हंडी आणि कोयता काढून ठेव गं सगुणे. सकाळी धाकू येईल न्यायला."

दारूबंदी येऊन चौथं वर्ष चालू होतं. कोपरच्या खाडीला लागून असलेल्या या पाड्याच्या मागं तिवरांचं रान होतं, त्यात सहा भट्ट्या होत्या, आणि सहाही पाटलाच्या होत्या. बाकीचा पाडा त्यावर राबायचा. कुणी गूळ वाहायचा, कुणी लाकडं तोडायचा, कुणी ओहोटीच्या चिखलात कंबरभर उतरून पिंपं पुरायचा. चौकीला पाटलाकडून जायचं ते जायचं. पण चौकीला वर दाखवायला गुन्हेही लागायचे. म्हणून गावकीनं पद्धत पाडली होती. गावदेवीच्या देवळापासून घरं धरायची, आणि फौजदारानं मागितला की पाळीच्या घरानं एक माणूस द्यायचा. त्यानं भट्टी माझी म्हणायचं आणि तीन महिने आत जायचं. तेवढे दिवस गाव त्याचं मीठ काढायचं, घरात तांदूळ टाकायचं. पाटलाची तांब्याची भांडी जप्तीत जाऊ नयेत म्हणून हंडी आणि कोयताही पाळीच्या घरचाच.

चौदा घरांतून चौदा माणसं जाऊन आली होती. त्यातला एक परतला तो ताप घेऊनच, आणि आठ दिवसांत गेला. गावानं त्याच्या बायकोला अजून तांदूळ चालू ठेवले होते, आणि ही गोष्ट पाड्यात अभिमानानं सांगितली जायची.

सकाळी धाकू आला. शेजारचाच, राघोचा चुलतभाऊ. तीन महिने आत काढून त्याचे गाल बसले होते, पण जीभ तशीच होती.

"वयनी, रडू नको. तिथं भात मोजून देतात, पन देतात. इथं मोजाला तरी काय हाय?"

"तू पंच म्हनून चाललास?"

"मी आनी पाटलाचा मेव्हना. अंगठा लावाचा आनी चा पिवाचा."

सगुणानं हंडी दिली. खुंटीवरचा कोयता दिला. त्याची मूठ चिरली होती म्हणून तिनंच तांब्याची तार घट्ट गुंडाळून दिली होती. तिवराची लाकडं तोडताना राघोच्या हाताला फोड यायचे. राघोची आई कमळाबाई दारात बसून होती. चाळीस वर्षं मिठात उभं राहून तिचे पाय संपले होते. गुडघ्याखाली नुसत्या जखमा. बसल्या जागेवरून सरकत सरकत ती घरात फिरायची.

"जा रे," ती राघोला म्हणाली. "तुजा बाप मेला तवा गावच आयला होता खांद्याला. पाळी चुकवू नको."

राघोनं सात वर्षांच्या जयाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो निघाला.

तिसऱ्या दिवशी ओहोटीला प्रेत लागलं. तिवरांच्या मुळांत पालथं अडकलेलं, फुगलेलं, खाकी पँट तेवढी अंगावर. तानाजी शिपाई. देशावरचा, उंच, दर पंधरवड्याला पाड्यावर येणारा. डोक्याची मागची बाजू उघडी होती. चौकीवरची माणसं आली, चादर टाकली, उचलून घेऊन गेली. कुणाला काही विचारलं नाही. तपास करायला आलेली माणसं काहीच विचारत नाहीत याचं सगुणाला नवल वाटलं, आणि मग तिला कोयता आठवला.

ती मिठागरावरून थेट धाकूच्या घरी गेली. धाकू ओट्यावर जाळं शिवत होता. तिला बघून त्यानं मान खाली घातली.

"धाकू भावजी, पंचनाम्यात काय लिवला?"

"मना वाचता येतं का वयनी?"

"वाचून दाखवला असंल."

"कोरा होता कागद. राघोनं पन कोऱ्यावरच दिला अंगठा. नेहमी कोराच असतो. काय लिवणार, एक हंडी, दोन बाटल्या…"

"आनी कोयता."

धाकूची सुई थांबली.

"भट्टीच्या केसला कोयता टेबलावर नाय ठेवीत," तो हळूच म्हणाला. "कोपऱ्यात पडतो हंडीबरोबर. या टायमाला फौजदारानं कागदात बांधला. लाख लावून. तार लावलेला कोयता, असा दोनदा बोल्ला. तवाच मना कसातरीच झाला."

"कुनी मारला शिपायाला?"

"मना नको विचारू."

"शिपाई आयलेला त्या दिवशी तू तिवरात होता. लाकडं तोडाला तू होता, माजा मानूस मिठावर होता. कुनी?"

धाकूनं आजूबाजूला बघितलं. बायको घरात होती तरी आवाज उतरवला.

"दगडूनं. पाटलाच्या पोरानं. शिपाई जास्ती मागत होता, आईवरून शिवी दिली. दगडूनं मागून घातला. पाटील आयला, बघितला, आनी दुसऱ्याच दिवशी तुमच्या मिठागरावर…" तो एकदम रडायला लागला. बाप्या माणूस, गुडघ्यात तोंड घालून. "मी चा पिलो गं वयनी. अंगठा लावला आनी चा पिलो."

सगुणानं त्याला रडू दिलं. समजूत घालावी असं तिला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं गावकी बसली होती. बायका तिथं बोलत नसत. पाणी द्यायचं असलं तर पायरीवर ठेवून मागं यायचं. सगुणा पदर खोचून सरळ मधे जाऊन उभी राहिली. माणसांनी एकमेकांकडं बघितलं.

"पाटील, माजा मानूस भट्टीच्या पाळीला जेला होता. खुनाची पाळी कुनी लावली?"

"बाईमाणसानं—"

"कुनी लावली?"

काळुराम हसला. सुपारी कातरत होता, ती थांबवली नाही. "सगुणे, ऐक. पाळी म्हणजे पाळी. आत काय लिहिलंय ते गावाच्या हातात नसतं. शिपाई मेला, वरून साहेबांचा तगादा आला. आता माणूस दिला नाही तर सगळ्या पाड्याला बेड्या पडतात. चाळीस घरं. एका माणसानं चाळीस घरं वाचतात, हे पुण्य हाय."

"मग तुज्या घराचा पुण्य कर. दगडू कुठं हाय?"

कुणीतरी खोकलं. कुणी तंबाखू मळायला घेतली. चौदा घरांचे कर्ते पुरुष तिथं बसले होते. प्रत्येकाला ठाऊक होतं. प्रत्येकाच्या घरात दगडूचं नाव कुजबुजलं गेलं होतं. पण पाटलाची भट्टी बंद झाली तर गूळ कोण देणार, आणि मिठागराचा ठेका कुणाच्या हातात, हेही प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यांनी जमिनीकडं बघितलं. जमिनीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

"तुझं घर गाव पोसील," पाटील म्हणाला. "म्हातारीला, पोरीला, तुला. शब्द हाय माझा."

"फाशी झाला तर?"

"तर जन्मभर पोसील."

त्यानं हे चांगल्या मनानं सांगावं तसं सांगितलं. माणसांनी माना डोलावल्या. एकजण म्हणालाही, "बघ, पाटलानं सगल्यांदेखत कबूल केला."

सगुणा तिथून रुळाच्या कडेनं ठाकुर्लीवरून चालत कल्याणच्या लॉकअपला गेली. पायातलं मीठ अजून धुतलं नव्हतं. बाहेरच्या पायरीवर एक बाई बसली होती, कपाळ नुकतंच पुसलेलं, हातांवर फुटलेल्या बांगड्यांच्या काचांचे ओरखडे.

"तू त्याची बायकू न्हवं?" त्या बाईनं विचारलं. "आत हाय त्येची?"

"व्हय. तू?"

"रखमा. शिपायाची."

आत कुणाला तरी मारत होते, तो आवाज ऐकू येत होता. तो राघो नव्हता. राघोचं ओरडणं सगुणाला ओळखू आलं असतं.

"साहेब म्हनत्यात डूटीवर मेला," रखमाबाई म्हणाली. "कसली डूटी? त्येंनीच धाडला हुता हप्ता आनाय. ह्यो न्हेमी म्हनायचा, मला नगं पाटवू त्या चिखलात. आनि आता मला म्हन्त्यात म्हैन्याच्या आत खोली खाली कर." ती सगुणाकडं वळली. "कशापायी मारला गं तुज्या नवऱ्यानं?"

"माज्या माणसानं नाय मारला."

"मग कुनी?"

सगुणाचं तोंड उघडलं. नाव जिभेवर होतं. पण दारातला हवालदार तिच्याकडंच बघत होता, आणि तो दर पौर्णिमेला पाटलाच्या ओट्यावर कोंबडी खायला यायचा.

"तुला ठावं हाय," रखमाबाई म्हणाली. "तोंडावर दिसतंय. गिळ. गिळ मुकाट्यानं. समदीच गिळत्यात."

हवालदारानं सगुणाला आत सोडलं. राघोचा एक डोळा मिटलेला होता, ओठ फाटला होता. तो गजाजवळ आला, पण गज धरता येईना. बोटं सुजली होती.

"सोमवारी मॅजिस्ट्रेटसमोर नेतात," तो म्हणाला. "आपल्या तोंडानं कबूल बोलाचा. मी मारला म्हनून."

"आनी तू बोलशील?"

"पाटील आयलेला काल. फाशी नाय व्हत बोल्ला, वकील देतो. चवदा वर्सं. बोललो त घर सांभालतो. नाय बोललो त वाळीत. पानी नाय, मीठ नाय, आयला उचलाला चार मानसं पन नाय येनार बोल्ला." त्यानं गजाला कपाळ टेकलं. "जयाचं लगीन कोन करील गं? कोनाच्या दारात उभी राहशील तू?"

"आनी चवदा वर्सं मी कोनाची म्हनून राहू?"

"गावाची," राघो म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलंच नाही. तो मिठागरावर जन्मला, तिथंच मोठा झाला, गावाशिवाय माणूस असतो हे त्यानं पाहिलं नव्हतं.

सगुणा परत चालत आली. वाटेत तिनं खूप विचार केला असं नाही. ऊन होतं, पाय भाजत होते, आणि एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. राघोच्या गळ्याला फास नव्हताच लागलेला. फास त्या घराला बांधला होता, आणि दुसरं टोक त्याच्या हातात दिलं होतं. ती, म्हातारी आणि पोर त्या घरात बसून गावचे तांदूळ खात आहेत, तोवर तो खरं बोलणार नाही.

दारात सूप भरून तांदूळ ठेवलेले होते. पाटलानं उशीर केला नव्हता.

कमळाबाई त्याच्याजवळ बसली होती. तांदळाला तिनं हात लावलेला नव्हता. सगुणानं तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पाय संपलेली ती म्हातारी सरकत खाडीकडं वळली.

"मी त्याला बोल्ली पाळी चुकवू नको," ती म्हणाली.

"तुमाला ठाव नव्हता."

"गावानं मना चाळीस वर्सं सांभालली."

"आय, तुमी मिठात उभ्या राहिल्या. गावानं काय सांभालली?"

म्हातारीनं तिला एक घाण शिवी दिली. मग म्हणाली, "होडी हाय ना बुडत नाय अशी?"

"हाय."

"मग देव काढ कोनाड्यातनं. देव घरात ठेवून जेलो त लोक म्हनतील परत येनार हायेत. आनी मना उचल."

सोमवारी सकाळी भरतीला सुरुवात झाली तशी सगुणानं राघोची लहान होडी काढली. देवांची टोपली, जातं, दोन पातेली, गोधडी, एक कोंबडी, जया, आणि गोधडीवर कमळाबाई. तांदळाचं सूप तिनं जसंच्या तसं पाटलाच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. पाड्यातल्या बायका दारातून बघत होत्या. एकीनंही हाक मारली नाही. होडी चिखलात रुतली होती, एकटीला ढकलता येत नव्हती. तेव्हा धाकू आला. कंबरभर चिखलात उतरला, खांदा लावला आणि होडी पाण्यात घातली.

"भावजी, चल ना," सगुणा म्हणाली. "दोन शब्द बोल तिथं."

त्यानं मान हलवली, पण ती होकारार्थी नव्हती. तो चिखलातच उभा राहिला.

भरतीचं पाणी होडीला वर कल्याणकडं ओढत होतं, तरी वल्हं मारावं लागलं. ऊन चढलं. कमळाबाईच्या जखमांवर खारं पाणी उडायचं, ती दात आवळायची आणि पाटलाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. जया एकदाच हसली. बंदराला लागल्यावर सगुणानं एका गाडीवाल्याचे पाय धरले, त्यानं गवताच्या गाडीत म्हातारीला कोर्टापर्यंत सोडलं.

आवारात मोठं झाड होतं, त्याखाली पक्षकार बसले होते. सगुणा तिकडं गेली नाही. जिन्यासमोर, जिथून वर जाणाऱ्याला दुसरं काही दिसणारच नाही अशा जागी, भर उन्हात तिनं गोधडी टाकली, तिच्यावर सासूला बसवलं, पुढं देवांची टोपली ठेवली, शेजारी जातं. रखमाबाई ओसरीच्या टोकाला एकटी उभी होती. ती बघत राहिली.

काळुराम फौजदाराबरोबर ओसरीवर होता. तो घाईनं खाली आला.

"येडी झाली का सगुणे? हा काय तमाशा मांडलाय? चल, गाडी करून देतो, घरी चल."

"घर नाय आमाला."

"म्हातारी मरेल उन्हात."

"मरंल," कमळाबाई म्हणाली. "तुज्या दारात नाय मरनार, येवढा बघ."

पाटलानं घड्याळ बघितलं. त्याच वेळी राघोला आणलं. हातात बेडी, दोन्ही बाजूंना शिपाई. जिन्याजवळ येताना त्याची खाली घातलेली नजर वर गेली आणि तो थांबला. आई दिसली, पोर दिसली, जातं दिसलं. मग टोपली दिसली. टोपलीत देव दिसले. त्याच्या बापाचे, आज्याचे, कोनाड्यातून कधी न हललेले.

"घर मोडला मी!" सगुणा ओरडली. सगळं आवार वळून बघायला लागलं. "ऐकतस का? सूप परत केला, देव आनले! आथा गाव पोसील कोनाला? कोनी नाय उरला पोसाला! खरा काय ते बोल!"

"ए बाई!" हवालदारानं तिला ढकललं. ती जात्यावर पडली, कोपर फुटलं. राघोला ओढत वर नेलं. जबानीच्या वेळी पोलिसांना आत थांबता येत नाही, म्हणून फौजदार बाहेर आला, दार लागलं.

मग नुसतं थांबायचं होतं. फौजदारानं सिगारेट पेटवली. काळुराम त्याच्याजवळ जाऊन काही म्हणाला, दोघं हसले. सगुणाच्या कोपरातून रक्त पातेल्याच्या काठावर ठिबकत होतं. कबुली द्यायला किती वेळ लागतो? मी मारला, एवढंच तर म्हणायचं. त्याला काय लागणार? तिनं मनात आकडे म्हणायला घेतले, तिला वीसपर्यंतच येत होते. ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायची.

दार उघडलं. पट्टेवाला बाहेर आला आणि कारकुनाला म्हणाला, "आणखी कागद द्या. साहेबांचे संपले."

फौजदाराची सिगारेट ओठातच राहिली. "कागद कशाला?" त्यानं विचारलं.

"बोलतोय तो," पट्टेवाला म्हणाला. "थांबतच नाही."

दार पुन्हा लागलं. काळुराम ओसरीवरून उतरला. आता तो घड्याळ बघत नव्हता. तो सगुणासमोर येऊन उभा राहिला, त्याच्या मानेची शीर उडत होती.

"कोयता त्याचाच हाय," तो दातांतून म्हणाला. "अंगठा त्याचाच हाय. साक्षीला माझी चाळीस घरं हायेत. सुटायचा नाय तो. आणि तुम्ही? कुठं जाशील गं? कुठल्या विहिरीवर पाणी भरशील?"

सगुणाला खरंच माहीत नव्हतं. संध्याकाळी पोरीला काय घालायचं, हेसुद्धा माहीत नव्हतं.

रखमाबाई ओसरीवरून हळूहळू खाली आली होती. तिनं पाटलाकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सगुणाला विचारलं, "मारनारा ह्येचा कोन?"

"पोरगा," सगुणा म्हणाली. मोठ्यानं, आवाराला ऐकू जाईल असं. "दगडू. दगडू काळुराम."

पाटलानं हात उगारला. झाडाखालची माणसं उठून उभी राहिली, तसा तो हात त्यानं टोपीकडं नेला.

राघोला बाहेर आणलं तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. शिपाई त्याला घाईनं खेचत होते, फौजदार त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होता, आज लॉकअपमध्ये त्याचं काय होणार हे त्या बोलण्यात होतं. राघो ऐकत नव्हता. पायरीवर तो क्षणभर अडला. सुजलेला डोळाही त्यानं उघडायचा प्रयत्न केला.

"सगुणे," तो म्हणाला, "आयला सावलीत घे."